अळणी घास

दुपारच्या झोपेला एक पायरी असते. तिच्यावर पाय ठेवला की घरातले आवाज थांबत नाहीत, फक्त लांब जाऊन बसतात. कितीतरी महिन्यांनी आज मी त्या पायरीवर आले आहे. स्वयंपाकघरात सासूबाई पर्णाशी काहीबाही बोलताहेत, पर्णा वाटीवर चमचा आपटते आहे, रस्त्यावर भंगारवाला ओरडत चालला आहे, आणि हे सगळं मला विहिरीत वाकून ऐकल्यासारखं ऐकू येतं आहे.

मघाशी केतकर मॅडमचा फोन आला. मेडिकल कॉलेजात त्या यकृताच्या दीर्घ आजारांवर संशोधन करतात. मला त्या ओळखतात त्या इंदुबाईंची मुलगी म्हणून. म्हणाल्या, "रेणुका, बसून ऐका. पर्णाच्या रक्तात विषाणू नाही. लस छान लागू पडली आहे. आता जेवा, आणि झोपा जरा."

मी "हो" म्हणाले.

पांढरी कावीळ माझ्या रक्तात जन्मापासून आहे. डॉक्टर तिला हेपॅटायटिस बी म्हणतात. ती मला आईकडून आली. आई तिच्यातच गेली; यकृत आतून सुकत गेलं आणि पोटात पाणी भरत गेलं. मला अजून काही होत नाही, तपासण्या वेळेवर करायच्या आणि जगायचं. पण माझ्याकडून पर्णाकडे ती गेली का, हा प्रश्न पर्णा पोटात असल्यापासून आमच्या घरात राहत होता. आमच्याबरोबर जेवत होता, आमच्या अंथरुणात झोपत होता. पर्णा नऊ महिन्यांची झाली तेव्हा तिचं रक्त काढून नेलं. आज तो प्रश्न उठला, आणि दार हळूच ओढून घेऊन निघून गेला.

म्हणून झोप येते आहे. अंग चटईवर पाण्यासारखं पसरतं. पंखा फिरतो. पंख्याचा आवाज हळूहळू चाळणीचा होतो, खस्स, खस्स, आणि नाकात हळदीची धूळ येते.

आई वखारीच्या दारात बसली आहे.

सांगलीच्या मार्केट यार्डातली ही वखार मी ओळखते. छताला भिडलेल्या पोत्यांच्या थप्प्या, मध्ये हळकुंडांचा ढीग, आणि ढिगाभोवती बसून निवडणाऱ्या बायका. आज बायका नाहीत. आई एकटीच निवडते आहे, जाड एकीकडे, बारीक एकीकडे, किडकं मागे. तोंडानं ओवी चालली आहे. माझ्या साऱ्या ओव्या तिच्याच. मी पुस्तकं लिहायला लागले, तेव्हाही शब्द आधी तिच्या चालीवर बसवून बघायचे. पण ही ओवी मी कधी ऐकलेली नाही.

"हळद निवडीते, सोनं सांडलं खळ्याला
कुनी न्हाई पुशीत, काय झालं गं डोळ्याला"

मी जवळ जाऊ लागते.

"आलीस व्हय? तितंच बस," ती मान वर न करता म्हणते. "लांब बस."

"किती लांब?"

"हाईस तितनं. हालू नगंस."

मी पोत्यावर बसते. ती वर बघते, आणि मला तिचे डोळे दिसतात. पांढरे स्वच्छ, मध्ये काळी बाहुली, लहान मुलाच्या डोळ्यांसारखे. हे डोळे मी विसरलेच होते. हळदीत काम करणाऱ्या बायकांचं सगळंच पिवळं असतं, नखं, कानाच्या पाळ्या, लुगड्याचा काठ, डोक्यातला फणीचा भांगसुद्धा. त्या वर्षी आईचे डोळे पिवळे दिसायला लागले तेव्हा ती नळावर जाऊन पाण्याचे सपकारे मारायची. हळद बसलीया, म्हणायची. शेजारणीही तेच म्हणायच्या. आम्हीही तेच म्हणालो. इतक्या पिवळ्यांत एकीचा पिवळा निराळा आहे, हे कुणाला कळावं? कळलं तेव्हा पोट घागरीसारखं झालं होतं.

"आई, डोळे बरे झाले तुझे."

"तिकडं धूळ न्हाई," ती म्हणते. मग जरा थांबून, "आन तुझं गं? डोळं दाव."

मी खालची पापणी ओढून दाखवते. ती लांबूनच निरखते, बाजारात आंबा बघावा तशी.

"हाय बरं," ती म्हणते. "पन जेवत न्हाईस. गालाची हाडं मोजून घ्यावी अशी झालीयास."

"आज जेवणार होते. झोप आली."

"झोप काय पळून चालली हुती?"

मी हसते. ती हसत नाही, पण हळकुंड टाकताना हात जरा सैल पडतो.

हळद निवडणं संपतं, किंवा हळदच संपते. ढिगाच्या जागी आता आमच्या पत्र्याच्या घराचं अंगण आहे, आणि आई उंबऱ्याबाहेर बसून जेवते आहे. तिच्यापुढे तिचं जर्मलचं ताट. आम्ही सगळे घरात, ती बाहेर. शेवटच्या वर्षात ती असंच जेवायची. आई दवाखान्यात दाखल झाली तेव्हा केतकर मॅडमनी घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासलं होतं, आणि माझ्यात तेच निघालं होतं. तिच्या पोटातून माझ्यात आलं, जन्माच्या वेळी, असं त्यांनी तिला समजावून सांगितलं. त्याच दिवशी घरी आल्यावर तिनं आपलं ताट वेगळं काढलं. पेला वेगळा. मला भरवणं बंद. माझ्या ताटातलं उष्टं खाणं बंद. ताटानं हे पसरत नाही, असं मॅडमनी तिला कितीदा सांगितलं असेल. ती मान हलवायची आणि ताट घासून कोंबड्यांच्या खुराड्यावर पालथं घालायची.

"घरात ये ना," मी आतून म्हणते.

"नगं."

"मॅडम म्हणाल्या होत्या..."

"म्याडम श्यानी हाय. मलाबी कळतंय त्यांचं." ती भाताचा घास मळते. "पर एकडाव दिलं ते कळत नसताना दिलं. आता कळतंय तर नगं. ताटानं जात न्हाई म्हंत्यात. आन गेलं तर? त्यांची पोर हाय का माझी?"

तिच्या भातावर काही नाही. पोटात पाणी व्हायला लागल्यापासून मीठ बंद होतं तिचं. अळणी भात, अळणी ताक.

"मी तुला काहीतरी सांगायला आलेय," मी म्हणते.

"सांग की. कान हायत."

"इथून नाही. जवळ येऊन सांगायचंय."

"मग ऱ्हाऊ दे."

मी उठते. उंबरा ओलांडते, तर पायाखाली शेणाचं सारवण नाही, गुळगुळीत फरशी आहे. मेडिकल कॉलेजातला तळमजल्याचा लांब बोळ. दोन्ही बाजूंना दारं, आणि शेवटी कपाटाएवढा पांढरा फ्रीझर, ज्याच्यापुढे घरातला फ्रीज उन्हाळा वाटावा. केतकर मॅडम मला एकदा इथे घेऊन आल्या होत्या. या आजारावर आज जे कळतं ते इथे ठेवलेल्या शेकडो लोकांच्या रक्तातून कळलं, म्हणाल्या होत्या, आणि दार उघडून पांढऱ्या वाफेतून एक बोटभर नळी दाखवली होती. तुमची आई, असं त्या म्हणाल्या नाहीत. इंदुबाईंचा नमुना, म्हणाल्या. पण हातात धरली होती ती दोन्ही हातांनी.

आता फ्रीझरच्या दारापाशी आईच बसली आहे, पदर डोक्यावरून घट्ट ओढून.

"हितंबी मी असती," ती म्हणते. "लई गार. पर पोरी चांगल्या हायत. हळू उचलत्यात."

"कंटाळा येत नाही?"

"कसला कंटाळा. माझ्या वळीला कोनकोन हाय, ठावं हाय? एक मिरजंची मास्तरीन हाय. लई बोलती."

"आई, तू रक्त का द्यायचीस गं? इतकी सुईला घाबरायचीस."

हे खरं आहे. सुई बघितली की तिचं तोंड उतरायचं. जत्रेत गोंदवून घेताना ती बेशुद्ध पडली होती म्हणे, म्हणून तिच्या मनगटावरची वेल अर्धीच आहे. तिच्यात हा आजार कुठून आला ते कोणालाच सांगता आलं नाही. त्या जत्रेतल्या सुईतून असेल, दवाखान्यात उकळून वापरायच्या काचेच्या सुईतून असेल, तिच्याही आईकडून असेल. पण दर खेपेला ती स्वतःहून बाही वर करायची आणि भिंतीकडे तोंड करून बसायची.

"म्याडमला म्हनलं," आई सांगते, "माझं काय व्हायचं ते झालं. ह्यात काय हाय ते बघून ठेवा. उद्या माझ्या पोरीला पोर हुईल, तवा तुमाला ठावं पायजे काय करायचं ते. इसरू नगा म्हनलं."

"त्या विसरल्या नाहीत."

ती माझ्याकडे बघते. फ्रीझरचा घुमणारा आवाज थांबतो.

"म्हंजे?"

"तेच सांगायला आलेय."

फ्रीझरचं दार उघडं आहे, आणि दाराच्या आत बाळंतपणाची खोली आहे. मी टेबलावर आडवी आहे. डोक्यावर मोठा दिवा. आई दारातच उभी राहिली आहे, तिच्या हातात ते ताट तसंच आहे. कोणी तिला बाहेर जा म्हणत नाही.

"बघ," मी तिला म्हणते. "पोटात होती तेव्हा शेवटचे महिने मला रोज एक गोळी होती. माझ्या रक्तातला विषाणू झोपवून ठेवायला."

"रोज? चुकवली न्हाईस न्हवं?"

"नाही."

"साळंत तर क्यालशियमची गोळी खिडकीतनं टाकायचीस."

"ही नाही टाकली, आई."

पर्णा जन्मते. रडते. पंख्याच्या वाऱ्यात पानं सळसळावीत तसं लहान रडणं. सिस्टर तिला पुसते, आणि लगेच, अजून नाळेचा ओलावाही गेला नाही तोवर, एका मांडीत एक सुई आणि दुसऱ्या मांडीत दुसरी.

दारात आईचा हात तोंडावर जातो.

"दोन दोन? एवढ्याशा जिवाला?"

"एक लस. ती तिच्या रक्ताला लढायला शिकवते. आणि दुसरी तयार शिपायांची, शिकून होईपर्यंत राखण करायला. जन्मल्या जन्मल्या द्यायला लागतात. उशीर झाला की दार उघडं राहतं. पुढे लशीचे बाकीचे डोस."

"तू जन्मलीस तवा..."

"तेव्हा कुणाला माहीतच नव्हतं. तुला नाही, मला नाही, दाईला नाही. कुणी विचारलंही नाही."

"आन हिच्या येळंला?"

"हिच्या वेळेला माहीत होतं, कारण तू बाही वर केली होतीस. तुझं रक्त तपासलं म्हणून माझं तपासलं. माझं कळलं म्हणून ही दोन इंजेक्शनं टेबलापाशी आधीच आणून ठेवली होती. सिस्टर तर इतकी तयारीत होती, तिनं मला पेढेसुद्धा नंतर मागितले."

दिव्याचा उजेड मऊ होतो, मग तो दिवा नसतोच, आमच्या अंगणातलं ऊन असतं. पर्णा माझ्या कडेवर आहे, आताएवढी मोठी, माझ्या मंगळसूत्राची वाटी चोखते आहे. आई उंबऱ्याबाहेर. पण उभी.

"आज मॅडमचा फोन आला," मी म्हणते. "हिच्यात नाही. आई, हिच्यात काही नाही. तुझ्याकडून माझ्याकडे आलं ते माझ्यापाशी थांबलं."

आई पदरानं नाक पुसते.

"नाव काय ठिवलंस?"

"पर्णा."

"पर्ना." ती जिभेवर फिरवून बघते. "म्हंजे काय आन?"

"पान. झाडाचं."

"मग पानूबाय म्हनावं सरळ. शिकल्याली मान्सं उगा येडीवाकडी नावं ठेवत्यात." पण ती बघते आहे, पोरीवरून नजर हटत नाही तिची. "त्या दंडावर वण कसला? तीच का ती सुई?"

"ती बीसीजीची, क्षयाच्या लशीची. या सुईची खूण राहत नाही. मांडीवर बघ, कुठे दिसते का."

मी पर्णाची मांडी उघडी करून तिच्याकडे धरते. मांडीच्या वळ्यांत ऊन पडलं आहे. आई आपल्या मनगटावरची अर्धी वेल बघते, मग ती मांडी बघते. मग हळूच, वखारीत म्हणायची तशी, अर्ध्या आवाजात म्हणते,

"सुई गं आली गेली, खूण न्हाई ठेविली
नातीच्या मांडीवर, उन्हं कवळी झोपली"

"घे तिला," मी म्हणते.

तिचे हात पुढे येतात आणि अर्ध्या वाटेत थांबतात. मागे जातात.

"नगं. तुझ्यापाशीच बरी हाय."

"का? आता कसली भीती? तिला लस आहे. तू घेतलंस तरी तिला होणार नाही. तू तर आता..."

"मेलीया, म्हन की. लाजतीस कशाला." ती ताट खुराड्यावर ठेवते. "सवय झाली, रेणे. हात म्हागं ठिवायची सवय झाली."

"अगं, पण मॅडमनी तुला तेव्हाच सांगितलं होतं. मी सांगितलं होतं. तुला कुणाचं ऐकायचंच नव्हतं. वर्षभर मला एक घास भरवला नाहीस तू."

बोलून गेल्यावर मला कळतं की हे बोलायचं नव्हतं. पण आई चिडत नाही. ती कमरेवर हात ठेवते, आणि तिच्या तोंडावर ती जुनी मिश्कील रेघ उमटते, जी भांडणात जिंकायच्या आधी उमटायची.

"मला नावं ठेवाया आलीस व्हय? आन घरी काय करतीस गं? ही पोर तोंडात हात घालाया आली की मान कोन फिरवतंय? गालाचा मुका घेताना व्हट कोन मिटून घेतंय? तिच्या वाटीतलं उरलं तर सासूला खाया देतीस, सोता खात न्हाईस. मला काय दिसत न्हाई?"

मी पर्णाच्या मुठीकडे बघते.

"तुला म्याडम काय म्हनल्या हुत्या?"

"की असल्यानं काही होत नाही," मी म्हणते.

"मग?"

"गेलं तर, असं वाटायचं."

"बघ," आई म्हणते. "माझीच ल्येक."

आम्ही एकमेकींकडे बघतो, आणि कोण आधी हसतं ते कळत नाही. आई पदर तोंडात कोंबून हसते, वखारीत मुकादम मागे उभा असताना हसायची तशी, खांदे गदगदा हलवत. पर्णाला वाटतं तिच्यासाठीच चाललं आहे. ती टाळ्या पिटते.

"थांब," आई डोळे पुसत म्हणते. "हात धुवून येती."

ती टाकीपाशी जाते. तांब्यातून पाणी घेते, हात चोळते, आणि हातांवरून पिवळं पाणी ओघळायला लागतं. मी पर्णाला घट्ट धरते. ती माझ्याकडे बघते.

"भिऊ नगंस. ही हळदच हाय. धुतली की जाती."

ती चोळत राहते. नखांच्या कडा, बोटांच्या बेचक्या, मनगट. पाणी पिवळं, मग फिकं, मग नुसतं पाणी. दगडाखाली जाऊन ते मुरतं. तिचे हात आता तिच्या रंगाचे आहेत, गव्हाळ, ओले, आणि हिरवी वेल स्वच्छ दिसते आहे.

ती उंबरा ओलांडून आत येते. घरात. किती सहज.

"दे हिकडं."

मी पर्णाला तिच्या हातात देते. पर्णा अनोळखी माणसाकडे जाताना रडते, पण आता ती आईच्या खांद्यावर हनुवटी टेकवते आणि तिच्या केसांची बट तोंडात घालते. आई डोळे मिटते. नुसती डोलते, आधी एका पायावर, मग दुसऱ्या. इतक्या दिवसांत मला काय काय विचारायचं होतं, दुखलं का, भीती वाटली का, आता कुठे असतेस. काही विचारावंसं वाटत नाही.

"आई, मला भूक लागली," मी म्हणते.

"मग बस की."

ती खाली बसते, मांडी घालून, एका मांडीवर पर्णा. ते ताट मध्ये आहे, आमच्या दोघींच्या मध्ये, घरात. ती भात मळते. मऊ, अगदी मऊ, तिची बोटं मला आठवतात तशीच फिरताहेत. घास उचलते.

"अळणी हाय," ती सांगते. "चालंल न्हवं?"

मी मान हलवते. तिचा हात पुढे येतो, थांबत नाही, माझ्या ओठांपर्यंत येतो. बोटं ओली आहेत. मी तोंड उघडते

आणि घास आत येतो, कोमट, मऊ, बिनमिठाचा, आणि त्याच्या मागोमाग एक फार लहान मूठ.

मी डोळे उघडते. पर्णा माझ्या छातीवर पालथी पडली आहे. तिच्या हनुवटीला, भुवईला, केसांना भाताचं खिमट लागलं आहे. तिचा हात मनगटापर्यंत माझ्या तोंडात आहे आणि ती फार गंभीर चेहऱ्यानं माझ्याकडे बघते आहे, बसतं का नाही ते तपासल्यासारखी.

"अगं बाई, रेणुका," सासूबाई स्वयंपाकघरातून येतात, हातात वाटी. "रांगत गेली बघ. हाताला सगळं खिमट तसंच. मी फडकं आणायला वळले नि... थांब, घेते तिला, तुला चालत नाही ना."

माझी मान फिरत नाही.

पर्णा मूठ बाहेर काढते. माझ्या जिभेवर भात आहे. मोजून पाच-सहा शितं असतील, टाळ्याला चिकटलेली, अळणी. मी ती लगेच गिळत नाही.

"राहू दे, आई," मी सासूबाईंना म्हणते. माझा आवाज झोपेचा येतो. "वाटी इकडे ठेवा."

त्या वाटी माझ्या उशाशी ठेवतात आणि माझ्याकडे बघत उभ्या राहतात. पर्णा वाटीत हात घालते, पुरता बुडवते, आणि गळणारी मूठ घेऊन माझ्याकडे वळते.

मी तोंड उघडते.